मनकर्णाची हाक

१९८६ साली मानवतच्या बन्सीधर लोहटांशी माझं लग्न झालं. ते बिजवर होते. पहिली बायको मनकर्णा बाळंतपणात गेली होती. सासूबाईंनी माझ्या गळ्यात त्या मेलेल्या सवतीची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक बांधला आणि ताटातल्या तांदळात माझं नवं नाव लिहायला मुलाच्या हाती अंगठी दिली.

"मनकर्णाच लिव. रेशन कार्डावरबी तेच हाय."

मी शाळेत शिकवत होते. परभणीच्या एका वकिलांना आधीच विचारून आले होते. "आत्याबाई," मी सासूबाईंना म्हणाले, "लग्नात नाव-आडनाव बदलायची कायद्यात सक्ती न्हाई. मी प्रयाग होगे हेच नाव ठेवणार."

"लय शिकली माय! वकिलाशीच लगीन लावायचं की मग!"

बायका हसल्या. तांदूळ कोरेच राहिले.

आठवड्याने, भर दुपारी, आम्ही दोघी ज्वारी निवडत होतो. वरून, माळवदाच्या छतावरून, बाईच्या आवाजात हाक आली, "मनकर्णा!"

सासूबाईंच्या हातातलं सूप निसटलं. "तिचाच आवाज हाय," त्या पुटपुटल्या. "जाताना सोताच्याच नावानं हाका मारत व्हती. ओ देऊ नको, घेऊन जाईल."

"ते माझं नावच न्हाई," मी म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मला जन्मभर प्रयागच म्हटलं.

आता घरात मी एकटीच उरले आहे. दुपारची हाक अजून येते, आवाज मात्र थकलेला वाटतो. तिला ओळखणारंही आता कुणी नाही. काल टाक पुसत बसले होते, आणि माझ्या तोंडून "आले गं" निघता निघता राहिलं.