काकूंची चादर

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत जिन्याखाली, जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवत, तिथे आता समाज-शिक्षण कक्ष होता. कक्ष म्हणजे एक टेबल आणि त्यामागे ताई. फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय जडलेल्या प्राध्यापकांना बाहेर काढायचं, आणि विद्यार्थी लोकांबरोबर काम करता करता विषय शिकतील असा कोर्स त्यांच्याकडून उभा करून घ्यायचा, हे तिचं काम. पण चार माणसं समोर दिसली की प्राध्यापकाला व्याख्यान फुटतं. त्याला आवरणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधाची समजूत घालणं.

म्हणून ताईने एक नियम घातला होता. पहिल्या भेटीत प्राध्यापकाने काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. लोक जे काम करत असतील त्याला मुकाट्याने हात लावायचा. तोंड दुसऱ्या भेटीपासून.

या वर्षी तिच्या हाती भूमितीचे सर लागले होते. उंच, ताठ, आणि हजेरी घेतानाही आपलंच काही चुकलंय असा चेहरा करणारे. मुलं त्यांना काटकोन म्हणत. त्यांना तिने पुलापलीकडच्या एका भाड्याच्या इमारतीत नेलं. तिथे तळमजल्यावर सगळ्यांसाठी मिळून एक कपडे धुण्याची खोली होती आणि मागच्या अंगणात वाळत घालायच्या दोऱ्या. अंगणात ऊन यायचं ते दोन उंच भिंतींच्या फटीतून, चोरासारखं, आणि ते कोणाच्या कपड्यांवर पडावं यावरून मजल्यामजल्यांत जुनं वैर होतं. ऊन कसकसं सरकतं ते मुलांनी भाडेकरूंबरोबर मोजायचं आणि दोऱ्या नव्याने बांधायच्या, असा कोर्स ठरला.

खोलीची किल्ली तिथल्या जुन्या भाडेकरू काकूंच्या कमरेला असे. पहिल्या दिवशी काकूंनी सरांच्या हातात कोपऱ्यांना इलॅस्टिक लावलेली गादीची चादर दिली. "घडी घाला." जन्मभर काटकोन शिकवलेल्या माणसाला त्या चादरीत एकही कोपरा सापडेना. शेवटी चादरच सरांना गुंडाळून बसली. काकू पोट धरधरून हसल्या आणि सर तिथलेच होऊन गेले.

सगळं छान चाललं होतं, तोवर डीनसाहेबांनी ताईला बोलावलं.

"मॅडम, भूमिती आणि धुणं? गुरुवारी मी स्वतः येतो. तिथल्या लोकांना एकच प्रश्न विचारीन, तुमचा काय फायदा झाला? उत्तर पटलं नाही, तर कक्ष बंद. परीक्षा विभागात माणसं कमीच आहेत."

परीक्षा विभागाच्या नुसत्या नावाने ताईच्या बोटांना सुतळी आठवली. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आणि दोऱ्या तर अजून जुन्याच जागी होत्या, उन्हाचं मोजमाप अर्ध्यावर होतं. काकूंना विचारलं तर त्या खरं तेच सांगणार. गोड बोलणं काकूंच्या अंगातच नव्हतं.

रस्ताभर ताईने डोकं खाजवलं आणि खोलीच्या दारात तिला सुचलं.

"काकू, गुरुवारी एक नवे प्राध्यापक येतायत. पहिलीच भेट. फार बोलके आहेत हो."

काकूंनी मशीनवर टांगलेल्या विद्यापीठाच्या कॅलेंडरकडे पाहिलं, गुरुवारवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "येऊ दे की. कितीतरी वळणावर आणलेत मी."

गुरुवारी डीनसाहेब कोट घालून आले. दारातच त्यांनी घसा साफ केला. "नमस्कार. मला आपल्याला एक प्रश्न—"

"पहिल्यांदाच आलात ना? मग आज बोलायचं नाही," काकू म्हणाल्या. "कोट तिकडे अडकवा. हं, या चादरीचं टोक धरा."

"अहो, पण मी—"

"मास्तर, टोक!"

साहेबांनी टोक धरलं. ताई साबणाच्या डब्यांमागे सरकली. काटकोन सरांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कोर्सच्या मुली ओढणी तोंडाशी धरून हसत होत्या.

इलॅस्टिकने आपला हिसका दाखवला. एक कोपरा बसवावा तर दुसरा सुटून साहेबांच्या कानावर आपटे. चष्मा वाकडा झाला. शेवटी सरांना राहवेना. ते पुढे झाले, पुटपुटले, "सर, कोपरा कोपऱ्याच्या पोटात घाला. हात आत... हां, आता उलटा."

साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. विभागाच्या बैठकांत या माणसाचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

इतक्यात अंगणात तिसऱ्या मजल्यावरचे काका कडाडले. "ऊन माझ्या सदऱ्यावर येतंय म्हणून मुद्दाम दोरी ओढतेस!"

"आजोबा, मी नाही ओढत, ऊनच सरकतंय. उन्हाच्या कडेला तासातासाला केलेल्या या खडूच्या खुणा बघा ना," एक विद्यार्थिनी म्हणाली.

काका गुडघ्यावर हात ठेवून वाकले. एकेक खूण बोटाने मोजली. मग गुरगुरले, "म्हणजे पहिल्या मजल्यावरचे लोक माझं ऊन चोरत नव्हते?"

"नव्हते."

"अरेरे!" काका म्हणाले. इतक्या वर्षांचं भांडण हातचं गेल्याचं दुःख त्यांना लपवता आलं नाही.

साहेबांनी एक ओबडधोबड गोळा काकूंपुढे धरला. तीच त्यांची घडी. आणि ताई मनात नको नको म्हणत असतानाच त्यांनी विचारलं, "आता तरी बोलू? या कोर्सचा तुम्हाला काय फायदा झाला?"

"फायदा? अजून तरी काही नाही," काकू म्हणाल्या.

ताईला बोटांत सुतळी रुतल्यासारखं झालं.

"दोऱ्या हलल्या की बघू. फायदा काय, तुम्ही येऊन कोट अडकवलात की लगेच होतो होय? आणि ही काय घडी आहे? ही चादर घरी न्या. सराव करा. नीट घडी घालून परत आणा. चादर माझी आहे, विसरू नका."

साहेबांनी कोट घातला, गोळा बगलेत मारला आणि दाराशी जाऊन वळले.

"पुढच्या गुरुवारी असता ना?"

"मी कुठे जातेय!"

साहेब गेले. काटकोन सर पिठाच्या पोत्यासारखे बाकावर बसले. ताई साबणाच्या डब्यांमागून बाहेर आली. "काकू, माझं चुकलं. ते प्राध्यापक नव्हते. ते—"

"डीन," काकू म्हणाल्या. "गेलं वर्षभर मशीनवर टांगलाय की."

ताईने कॅलेंडरकडे पाहिलं. विद्यापीठाच्या मुद्रेखाली साहेब हसतमुखाने बसले होते. इतक्या वेळा येऊन तिने फक्त वार बघितले होते.

"मग तुम्ही बोलला का नाहीत? ते माझा कक्ष बंद करायला आले होते."

"तू बोललीस?" काकूंनी उशीच्या अभ्र्याला झटका दिला. "आणि तोंड असं नको करूस. चादर आता त्याच्याकडे आहे. ती नीट घडी होऊन परत आल्याखेरीज मी त्याला काही बंद करू देत नाही."

"आणि आणलीच नीट घडी करून तर?"

बाकावरून काटकोन सर पहिल्यांदाच मोठ्याने हसले. "ताई, सांगता येतं, पण मला अजून जमत नाही."