फुटपाथच्या पलीकडची पाटी

पाटी मी लावली. बाबांनी नाही, आईने नाही. हे आधीच सांगून टाकते.

डिबेटच्या टीममध्ये निवड झाल्यापासून मला वाटायला लागलं होतं की आपण काहीही करू शकतो. आमच्या हिस्टरीच्या मिसेस ओर्टेगा शाळांच्या बोर्डाच्या निवडणुकीला उभ्या होत्या. मी त्यांच्या प्रचाराची पाटी मागून आणली आणि घरासमोर, अगदी रस्त्याला लागून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसेल अशी गवतात ठोकली. एप्रिल २००८, टेक्सासमधलं शुगर लँड. मी सोळा वर्षांची आणि एकदम भारी!

चौथ्या दिवशी असोसिएशनचं पत्र आलं. आमच्या कॉलनीत घराचा रंग, गवताची उंची, सगळं ही असोसिएशन ठरवते. वर ठळक अक्षरांत 'नोटीस ऑफ व्हायोलेशन' आणि खाली बाबांचं नाव.

बाबांनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि मग आईसमोर खुर्ची ओढून बसले.

"रेखा, ग्रीन कार्डच्या फॉर्ममध्ये हाच प्रश्न आहे गं. नियम मोडल्याबद्दल कधी नोटीस, दंड वगैरे. मी 'नाही' लिहून सही केलीय."

"आणि इंटरव्ह्यू सोमवारी," आई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखूच आला नाही.

सात वर्षं वाट बघून ही तारीख मिळाली होती. कार्ड नाकारलं तर सामान बांधून नागपूर. मला नागपूर आवडतं, पण सुट्टीपुरतं!

मी असोसिएशनची नियमावली काढून वाचली. पाटी लावायला परवानगी होती, पण स्वतःच्या अंगणात. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी आपली नसतेच, गावाची असते. मी धावत जाऊन पाटी आत आणली.

"बाबा, फक्त चार फूट चुकलं होतं! आता नियमात आहे."

"पाटी हलवली म्हणून नोटीस पुसली जाते का, यामिनी?"

ग्रीन कार्डचं काम बघणाऱ्या वकीलबाई सुट्टीवर. त्यांच्या फोनच्या मशीनवर बाबांनी तीन निरोप ठेवले. मग विष्णूकाकांना फोन केला. काका इथे एकाहत्तर सालापासून, त्यामुळे सगळ्यांचे सल्लागार.

"अरे, गप्प बस," काका स्पीकरवर गरजले. "ते पत्र काय आरतीसारखं ओवाळायचंय का त्यांच्यापुढे?"

आई हसली नाही. बाबा वरणभात नुसता चिवडत राहिले. घरासमोर एखादी गाडी हळू झाली की मी पडद्याच्या फटीतून बघायचे. डिबेटवाली मी कुठे गेली, देव जाणे.

सोमवारी ह्यूस्टनच्या इमिग्रेशन ऑफिसात आम्ही तिघं ओळीत बसलो. टेबलापलीकडच्या ऑफिसर बाई एकेक प्रश्न वाचत होत्या आणि बाबा "नो, मॅडम" म्हणत होते.

मग तो प्रश्न आला.

बाबांनी मांडीवरच्या फाइलकडे पाहिलं. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. हो म्हटलं तर सही खोटी, नाही म्हटलं तर हेही खोटं.

"आम्हाला एक नोटीस आलीय," मी म्हणाले. "पण चूक माझी आहे. बाबांना माहीतसुद्धा नव्हतं."

"यामिनी!" आई पुटपुटली.

बाबांनी फाइल उघडली. ते पत्र त्यांनी आणलं होतं, टॅक्सच्या कागदांखाली. त्यांनी ते पुढे सरकवलं.

बाईंनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. चष्मा काढला. पुन्हा वाचलं.

"हे तुमच्या कॉलनीचं पत्र आहे. सरकारचं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं उत्तर 'नाही' असंच राहील."

"नक्की ना, मॅडम?" बाबांनी विचारलं.

मी टेबलाखालून त्यांना पाय मारला.

"नक्की." बाईंनी पत्र परत दिलं आणि पुढचा प्रश्न वाचला. बाबा "नो, मॅडम" म्हणाले. आईने माझं मनगट मात्र शेवटच्या प्रश्नापर्यंत सोडलं नाही.