तिरफळाचा वास

फोंडा घाटाच्या पायथ्याशी पिकअप दुसऱ्यांदा उकळली, तेव्हा यशोदाचं टाळकं सटकलं. मागे हापूसच्या पेट्या, डोक्यावर ऊन, आणि नवरा बाबली टोपीनं वारा घेत म्हणतो, "जुनी गाडी आसा गो, तापतलीच."

रेडिएटर आठवड्यापूर्वीच कणकवलीच्या भाईच्या गॅरेजातून दुरुस्त होऊन आला होता. कथलाचा डाख लावून, वर काळा रंग देऊन, नवरदेवासारखा नटवून भाईनं तो बसवला होता. "आता लंडनाक जावा," म्हणाला होता. लंडन राहिलं, घाटही चढेना. आंबा आज कोल्हापूरला पोचला नाही तर पेट्यांतच कुजणार होता, आणि वर्षभराची बाग मातीत जाणार होती. यशोदाला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाही राग येत होता.

वाफ भसाभसा निघत होती. ती जवळ गेली आणि थबकली. वाफेला नेहमीचा वासच नव्हता.

"अवो, वास खंय?"

"कसलो वास?"

"तिरफळाचो!"

गेल्या पावसाळ्यात रेडिएटर गळायला लागला, तेव्हा सगळे करतात तसं भोक बुजवायला त्यात हळद ओतायचं ठरलं. घाईत यशोदानं जो डबा आणला, त्यात बांगड्याच्या तिखल्यासाठी हळदीबरोबर कुटलेली तिरफळंही होती. तेव्हापासून गाडी तापली की रस्ताभर माशाच्या कालवणाचा वास सुटायचा. बाबलीनं ही गोष्ट मिठबावात घरोघर सांगितली. "आमच्या बायलेन गाडयेक फोडणी दिल्यान!" सगळा गाव हसला, आणि तिनं ते मुकाट ऐकून घेतलं होतं.

"ह्यो आमचो रेडिएटर न्हय," ती म्हणाली. "गाडी फिरवा."

"भाई माझ्या आजोळचो. तो असा करूचो नाय."

"फिरवा म्हणतंय मी!"

थांबत, पाणी ओतत त्यांनी कणकवली गाठली. गॅरेजात दाजी कंत्राटदार बाकावर चहा घेत बसला होता. बाहेर त्याची पिकअप उभी होती. महायुद्धानंतर लष्करानं विकायला काढलेल्या गाड्यांतल्याच या दोघी, दिसायला सख्ख्या बहिणी.

"वयनी, साफ केलंय म्हणान वास गेलो," भाई म्हणाला. "बायकांका यातला काय कळतला?"

दाजी खो खो हसला. पण बोलताना भाईची नजर एकदा दाजीच्या गाडीकडे गेली होती, आणि ती यशोदानं टिपली. पदर खोचून ती सरळ त्या गाडीपुढे वाकली आणि रेडिएटरखालची तोटी उघडली.

पिवळंधमक पाणी आलं. पाठोपाठ तिरफळाची काळी टरफलं आली. समोरच्या हॉटेलातून कोणी तरी ओरडलं, "बांगडे खंय शिजतत रे?"

दाजीचा चहा हातातच राहिला. "भाईन माझ्या गाडयेक काय बसवल्यान, ता माका काय म्हायत?"

भाईला कबूल करावं लागलं. दाजीचा रेडिएटर पार कामातून गेला होता, बाबलीचा मूळचा, जाड पितळेचा. म्हणून भाईनं दोन्हींची अदलाबदल केली; बाबलीला ती कळायची नाही असं त्यानं धरलं होतं.

"भाईनू, माझी बाग कुजली असती!" यशोदाचा आवाज चिरकला. "माका फसवल्यात ता फसवल्यात, वर म्हणतास बायकांका काय कळतला? काडा तो. माझ्या देखत डाख लावा, माझ्या देखत बसवा."

भाईनं दोन्ही गाड्यांचे रेडिएटर उतरवले, पितळेच्या रेडिएटरची गळकी जागा खरवडून डाख लावला, पाणी भरून दाखवलं आणि तो बाबलीच्या गाडीत बसवून दिला. ती शेवटपर्यंत त्याच्या डोक्याशी उभी होती.

एव्हाना बरीच माणसं जमली होती. "बाबल्या, बरो वळखलंस रे!" कोणी तरी म्हणालं.

बाबलीनं मिशीवर हात फिरवला. "माझी गाडी मी वळखूचंय नाय?"

यशोदा गाडीत चढत होती. ती खाली उतरली. भाईपेक्षा, दाजीपेक्षा हे तिला जास्त झोंबलं.

"कोणी वळखल्यान ता सांगा. फोडणीची गजाल घराघरात सांगलात, आता ही पण सांगा."

"हिने वळखल्यान," बाबली पुटपुटला.

"मोठ्यान."

"आमच्या यशोदान वळखल्यान!" बाबली भर रस्त्यात ओरडला.

घाटात तिसऱ्या वळणावर गाडी थोडी तापली आणि ओळखीचा वास सुटला. या खेपेला बाबली हसला नाही. गाडी चढत राहिली.