अधिकातलं वाण

“अंकलजी, बस हाँ या ना. उसके आगे एक शब्द नहीं,” निगम वकीलबाईंनी मला तिसऱ्यांदा बजावलं.

मी मान डोलावली. लखनौला कैसरबागच्या कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात आम्ही पुकाऱ्याची वाट पाहत होतो. शेजारी माझी मुलगी पूर्वा उभी होती. तिचा घटस्फोटाचा अर्ज दाखल होऊन दोन वर्षं झाली होती आणि आज माझी साक्ष होती.

मानक नगरच्या संशोधन संस्थेत मी चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. एखादी गोष्ट समजेनाशी झाली की तिच्यावरचं पुस्तक शोधायचं, एवढंच मला येतं. पूर्वा हाताला प्लास्टर घालून अलीगंजला आमच्या घरी परत आली, तेव्हाही मी विवाह कायद्याचं पुस्तक आणून पेन्सिलीने खुणा केल्या. वर्षभर वेगळं राहायचं, दोघांनी मिळून अर्ज करायचा, पुढे सहा महिने थांबायचं. मला वाटलं, झालं. पण ते कलम दोघांच्या संमतीचं होतं, आणि सौरभ, आमचा जावई, सही करायला तयार नव्हता. म्हणून छळाच्या कारणावर पूर्वाने एकटीने अर्ज केला. नोटीस गेली, समुपदेशकाकडे तीन फेऱ्या झाल्या. मग सौरभचा लेखी जबाब आला, सोबत एक फोटो आणि मी त्याला पाठवलेला मेसेज.

पूर्वा परत आली त्याच वर्षी अधिक श्रावण होता. अधिकात लेक-जावयाला जोडीने पाटावर बसवून जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आमच्या घरची रीत. “अहो, यंदा राहू दे,” माझी बायको वसुधा म्हणाली होती. मी ऐकलं नाही, सौरभला मेसेज करून वाणाला बोलावलं. घरात मी कधी कशाचा आग्रह धरला नव्हता, हा एकच धरला. ताटासमोर बसल्यावर सौरभला लाज वाटेल, असं मला वाटलं. कशावरून वाटलं, ते आजही सांगता येत नाही. पूर्वाला विचारलं तर ती म्हणाली, “आप कह रहे हो तो ठीक है, बाबा.”

तो आला, दोन रात्री राहिला. दोन्ही रात्री पूर्वा आईजवळ झोपली. पाटावरचा फोटो मात्र त्याने आठवणीने काढून घेतला.

कायद्यात याला माफ करणं म्हणतात, असं निगमबाईंनी समजावलं. छळ झाला असला तरी नंतर बायकोने तो माफ केला असं ठरलं, तर त्याच छळावर घटस्फोट मिळत नाही. तिने माफ केलं नव्हतं, हे मला सांगायचं होतं.

सौरभचे वकील वयस्क होते, फार अदबीने बोलत. मेसेज मी लिहिला का, फोटो माझ्या घरातला का, एवढं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. बेटी माँ के पास सोई, हे मी रात्री उठून पाहिलं होतं का? नव्हतं. मग न्यायाधीशांकडे वळून ते म्हणाले, अनरसे तो लखनऊ में भी बनते हैं, हुज़ूर, पर तैंतीस गिनकर दामाद को कौन देता है? मागे दोघेतिघे हसले. मीही कसनुसा हसलो.

“बाबूजी, इस रस्म में पति-पत्नी को क्या मानते हैं?”

निगमबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पता नहीं, म्हणता आलं असतं. पण ग्रंथालयाच्या टेबलाशी येऊन कुणी काही विचारलं, तर मी जन्मभर नेमकं उत्तर दिलेलं.

“लक्ष्मी-नारायण,” मी म्हणालो. “दोनों साथ न बैठें तो वाण पूरा नहीं माना जाता.”

हे दुसरं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. टाइप करणाऱ्या बाईंची बोटं चालू लागली.

“बेटी ने बैठने से मना किया था?”

“नहीं.”

तिने नाही म्हटलं नाही ते माझ्यासाठी, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मराठीत आलं होतं. ते हिंदीत जुळवेपर्यंत वकीलसाहेब “बस, हुज़ूर” म्हणून खाली बसले होते.

निगमबाईंनी नंतर दोन-तीन प्रश्न विचारून सावरायचा प्रयत्न केला. मी काय बोललो ते मला आठवत नाही. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची पडली.

साक्षीच्या प्रत्येक पानावर सही करायची होती. मी सवयीने आधी वाचू लागलो. ‘यह सही है कि मेरी पुत्री ने मना नहीं किया.’ टंकनात एकही चूक नव्हती. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि कागद सारखा उडत होता. मला तो एका हाताने धरून दुसऱ्या हाताने सही करणं जमेना. पूर्वा टेबलाशी आली. तिने ती ओळ वाचली, निदान मला तसं वाटलं. मग आपला तळवा पानावर सपाट ठेवला.

“अब कीजिए, बाबा,” ती म्हणाली.

मी सही केली. तिने पान उलटलं आणि पुढच्या पानावर हात ठेवला.