मापाची बाई

भागुबाईला गेल्या चौतीस वर्षांत फुलबाजारातून कुणी उठवलं नव्हतं. म्हणजे उठवायला आले बरेच, पण ती उठली नव्हती. नदीकाठच्या पुलाच्या कठड्याला पाठ टेकून, खाली पोतं अंथरून ती बसायची. सून सुवर्णा तिला रोज सकाळी मखमलाबादच्या मळ्यातली शेवंती आणि निशिगंध यांच्यासकट स्कूटीवरून सोडून जायची. मग दुपारपर्यंत बाईचे हात आणि जीभ सारख्याच वेगाने चालायचे. हातातून हार निघायचे आणि जिभेतून काय निघेल ते देवालाच माहीत!

आता कुंभमेळा तोंडावर आला आणि बाजाराचं रूप पालटायचं ठरलं. वर छप्पर, पंखे, नळ, आणि नवल म्हणजे बायकांसाठी वेगळा संडास. चाळीसच्या चाळीस बाया खूश. भागुबाईसुद्धा खूश होती, पण ती नकाशा बघेपर्यंतच.

नकाशा कठड्याला टांगून ललित सर समजावून सांगत होते. सर म्हणजे या कामाचे आर्किटेक्ट. माणूस सज्जन, बोलणं गोड, बूट मात्र फुलांच्या चिखलात जपून टाकणारे. "साडेतीन फूट उंच काउंटर. मागे उभं राहून विक्री करायची. एकदम मॉलसारखं वाटेल बघा!"

काउंटरमागे एक पुरुष काढला होता. पाटलोण घातलेला, एक हात खिशात, तोंड कुठे दुसरीकडेच.

"हा कोण?" भागुबाईने त्याच्या पोटावर बोट ठेवलं.

"तो कुणी नाही हो मावशी," सर हसले. "मापाचा माणूस. शेजारी माणूस काढला की गाळा किती मोठा ते कळतं. आमच्या सगळ्या नकाशांत हाच असतो."

"हितं चाळीस बाया बसत्यात. एक बी पाटलोण घालत नाय. मंग याच्या मापानं आमचं काय करायचं?"

"आन हात बघ की खिशात!" शेजारची लंकाबाई म्हणाली. "फुलं काय दातानं बांधतो का काय मेला?"

सगळ्या बाया खो खो हसल्या. सरही हसले. भागुबाई हसली, पण तिचा हात गुडघ्यावर गेला. तिच्या गुडघ्यांचं काय झालंय ते डॉक्टरांनी फोटो काढून दाखवलं होतं. पाव तासाच्या वर उभं राहायचं नाही, अशी तंबी होती. काउंटर आला की तिचा बाजार संपला. सुवर्णा तर आधीच मागे लागली होती, "आई, आता पुरे झालं, घरी बसा." पोरगी प्रेमानेच म्हणायची. पण घरी बसायचं म्हणजे जिवंतपणी आपल्या फोटोला हार घालून घ्यायचा, असं भागुबाईला वाटे.

दुसऱ्या दिवशी सरांच्या ऑफिसातली उज्वला आली. काल नकाशा टांगायला तीच होती. चोवीस-पंचवीसची पोर, खांद्याला झोळी, हातात टेप. ती पोत्यावर फतकल मारून बसली, ते भागुबाईला एकदम आवडलं.

"आजी, तुमचं बोलणं मला रात्रभर आठवत होतं. मी सरांशी भांडले. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, नमुन्याचे दोन गाळे बांधू. एक त्यांचा, एक माझा. गुरुवारी अकरा वाजता बाजार समितीचे लोक बघायला येतील. जो पसंत पडेल तसे चाळीस बांधायचे. मला तुमचं माप हवंय."

"माझं? का गं, ब्लाउज शिवती का काय?"

"बसण्याचं माप, आजी. तुम्ही कशा बसता, हात कुठवर पोचतो, सगळं."

उद्या ये म्हणाली भागुबाई. आणि इथेच माशी शिंकली.

कारण दुसऱ्या दिवशी बाई आली ती लेकाच्या लग्नातली हिरवी साडी नेसून, केसाला तेल लावून, कपाळावर ठसठशीत कुंकू. फोटो निघणार म्हटल्यावर आणखी काय करणार! मांडी घालून ताठ बसली, पावलं साडीत झाकली, हात मांडीवर ठेवले. हळदीकुंकवाला जणू पहिल्या रांगेत. उज्वलाने टेप लावून सगळीकडून मापं घेतली, कागदावर भराभर चित्र काढलं.

"रोज अशाच बसता ना?"

"व्हय तर!" भागुबाई म्हणाली.

खोटं. साफ खोटं. लंकाबाईने मान दुसरीकडे फिरवली.

आता खरं काय ते सांगायला हवं. गाठ मारून हार बांधायचा तर दोरा ताणून धरायला काहीतरी लागतं. दोन्ही हात फुलांत गुंतलेले. म्हणून या बाया एक पाय मुडपतात, दुसरा पुढे लांब सोडतात, आणि दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवतात. अंगठा असा ताणून धरतो की हार सरळ सुटत जातो. पण गिऱ्हाईक हार नेतं देवाला. पायाशी बांधलेला हार कोण नेईल? म्हणून गिऱ्हाईक दिसलं की बाई पायावर पदर टाकते. भागुबाईला हे तिच्या सासूने शिकवलं, तिने लंकाबाईला शिकवलं. बाजारातल्या चाळीसही बायांचा पाय असा पदराखाली होता. सख्ख्या नवऱ्यांनाही माहीत नसेल. मग टेप घेऊन आलेल्या परक्या पोरीला कशी दाखवणार?

गुरुवारी दहा वाजता दोन्ही गाळे तयार होते. सरांचा काउंटर उंच, वर गुळगुळीत फरशी. उज्वलाचा ओटा गुडघ्याएवढा, पाठ टेकायला मागे भिंत, आणि फुलं घरंगळू नयेत म्हणून पुढच्या कडेला विटांचा एक थर.

"बसा आजी!" पोरीचे डोळे नुसते चमकत होते.

भागुबाई बसली. पाठ कशी छान टेकली. तिने मांडीवर फुलं घेतली, दोरा काढला, सवयीने पाय पुढे सोडला, आणि पाऊल विटांवर आपटलं. गुडघा वर उचलला गेला. पाय लांबच होईना. मुडपला तर दोरा ढिला. तिरकी बसली तर भिंतीला खांदा.

"काय झालं?" उज्वलाचा चेहरा उतरला. "मी माप बरोबर घेतलं होतं. तीनदा तपासलं."

भागुबाईला इतकं वाईट वाटलं की काय सांगावं! या लेकराने आपल्यासाठी साहेबाशी भांडण काढलं, आणि आपण तिच्यापुढे पाहुण्यासारखं बसलो. समिती बघेल, म्हणेल ह्याच्यावर तर बाईला बसताच येत नाही, उभ्याचाच बरा. आपल्या हाताने आपण आपलं बसणं घालवलं.

"तुझं न्हाय चुकलं गं," ती म्हणाली. "माझं चुकलं. तू इचारलं, आन मी खोटं बोलली. बघ, मी अशी बसती." आणि तिने पदर बाजूला केला, अंगठा दाखवला आणि सगळं सांगून टाकलं.

उज्वला खाली बसली आणि टेप काढून पाऊल मोजायला लागली. "अहो आजी, हे आधी सांगायचं! हेच तर माप पाहिजे होतं."

"आता मोजून काय करती? साडेधा वाजलं."

"या विटा काढल्या तर?"

लंकाबाई केव्हाची कान देऊन ऐकत होती. तिने पोत्याखालून जुनं दोन किलोचं लोखंडी वजन काढलं. तराजू काट्याचा जाऊन बॅटरीचा आला तेव्हापासून ते नुसतंच पडून होतं. "काल सांजच्याला बांधलंय ना? सिमेट कच्चंच आसंल. व्हा बाजूला!"

सात-आठ ठोक्यांत विटांचा थर निघाला. ललित सर लांबून "अहो, अहो!" करत आले, पण तोवर चार बायांनी विटा टोपलीत भरून नेल्यासुद्धा.

अकराला धोंडीरामसाहेब आले. समितीचे अध्यक्ष, पांढरे कपडे, मागे चार माणसं. पाहुणा आला म्हणजे सत्कार आलाच. सरांनी हाराचं भागुबाईला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. पण हार कुठे दिसेना.

"मावशी, हार?" सर कानात कुजबुजले.

"हितंच बांधती की. साहेबांना गाळाच बघायचाय ना? मंग बघू द्या."

आधी ती काउंटरमागे उभी राहिली. फरशी तिच्या छातीला लागत होती. दोरा धरायला काही नव्हतं, म्हणून दातात धरला. दोन फुलं बांधली की तिसरं सुटायचं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला. वीतभर हार झाला तेव्हा भागुबाईचे गुडघे थरथरायला लागले होते. तिने दात उघडले आणि दोरा टाकून दिला.

मग ती ओट्यावर जाऊन बसली. पाठ टेकली, पाय लांब सोडला. पदर हातात आला होता. समोर समितीची पाच माणसं, मागे देवाला निघालेलं निम्मं गिऱ्हाईक. उद्यापासून कुणी हार नाही घेतला तर? चाळीस बायांच्या पोटावर पाय येईल. तिने लंकाबाईकडे पाहिलं. लंकाबाई आपल्या जागेवर बसली होती आणि तिने स्वतःचा पाय आधीच पुढे सोडला होता, उघडा. तिच्या पलीकडच्या बाईनेही सोडला. होता होता सगळ्या रांगेचे पाय बाहेर आले. भेगाळलेले, जोडवी झिजलेले, अंगठ्याला दोऱ्याचा वण पडलेले.

भागुबाईने पदर कमरेला खोचला आणि दोरा अंगठ्यात अडकवला. मग तिच्या हातांकडे बघत राहावं! शेवंती, निशिगंध, गाठ. शेवंती, निशिगंध, गाठ. साहेब घड्याळ बघायचं विसरले. चार मिनिटांत गुडघ्यापर्यंत पोचेल असा हार झाला.

ती उठून हार घालायला गेली तसे साहेब जरा मागे सरले. "पायाच्या अंगठ्याचा हार... गळ्यात म्हणजे..."

"साहेब," भागुबाई म्हणाली, "देवाच्या गळ्यात रोज ह्योच जातो. त्यानं चौतीस वर्सात कदी तक्रार केली न्हाय."

मग धोंडीरामसाहेब असे खदखदून हसले की पोट धरून उभे राहिले. त्यांनी मान वाकवली. हार पडला, बायांनी टाळ्या पिटल्या, आणि ललित सरांनीच पुढे होऊन सांगितलं, "साहेब, खालचा ओटा घ्या. फक्त पुढे फूटभर वाढवू. माझंच माप चुकीचं होतं." माणूस सज्जन होता, हे आधी सांगितलंच आहे.

आठवड्याने कठड्याला नवा नकाशा लागला. पाटलोणवाला गेला होता. चाळीसही ओट्यांवर एकेक बाई बसली होती, पाठ टेकून, एक पाय मुडपून, एक पुढे सोडून. अंगठ्यातून वर जाणारी बारीकशी रेघसुद्धा होती.

"नाक लय मोठं काढलं," भागुबाई म्हणाली.

"सरांच्या पुढच्या कामातही हीच घालणार आहे," उज्वला म्हणाली. "शाळा असो नाहीतर दवाखाना. मापाची बाई म्हणून."

नाक शिंकरायच्या निमित्ताने भागुबाईने डोळे पुसले. तेवढ्यात पूजेची थाळी घेऊन एक बाई आली. भागुबाईचा हात सवयीने पदराकडे गेला, तिथेच थांबला आणि परत दोऱ्यावर आला.

"अगं बाई, अंगठ्याला बांधता?" बाई वाकून बघत म्हणाली.

"व्हय. एक देऊ का दोन?"

बाईने एकदा अंगठ्याकडे पाहिलं, एकदा हाराकडे.

"दोन द्या," ती म्हणाली.