हात कोण करणार

काल संध्याकाळी बसच्या वेळा दाखवणारा बोर्ड सुरू झाला आणि आज सकाळी शहागडजवळच्या आमच्या फाट्यावर माणसांनी रस्त्याकडे बघायचंच सोडलं. सगळ्यांच्या माना शेडमधल्या लाल अक्षरांकडे. मला त्या बोर्डाचा सकाळपासूनच राग आला होता. माझ्या लेकीची, आकांक्षाची, जालन्याला नर्सची मुलाखत होती. वेळेत पोचली नाही तर पुढचं नाव पुकारणार होते. आणि ही बया बोर्डावर भरवसा टाकून निवांत केस सारखे करत होती. मी तिची फाईल दोनदा उघडून बघितली. तिसऱ्यांदा तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

त्यात केदार आला. बोर्ड बसवणाऱ्या कंपनीचा माणूस, बोर्डात काय सुधारणा पाहिजे ते विचारत फिरत होता. विचारणारा भेटला की आमच्या लोकांना जोर येतो. काकासाहेबांना अक्षरं मोठी हवी होती. द्वारकाबाईंना बसमध्ये जागा आहे का ते आधी कळायला हवं होतं. मी तरी कुठं गप्प बसले? उशीर झाला तर कारण पण लिहा म्हटलं. आम्ही सगळे त्याला घेरून उभे, आकांक्षासुद्धा.

बोर्डावर जालन्याची बस आली असं उमटलं आणि बस खरंच आली. आली तशी निघून गेली.

आमच्या फाट्यावर हात केल्याशिवाय बस थांबत नाही. एरवी जो पहिला येतो तो उन्हात रस्त्याच्या कडेला उभा राहतो, बाकीचे सावलीत बसतात. आज कडेला कुणीच नव्हतं. ड्रायव्हरला मोकळा रस्ता दिसला, त्यानं गाडी दामटली.

आकांक्षाचं तोंड पांढरं पडलं. केदार हळूच म्हणाला, "मावशी, बोर्डानं टाइम तर बराबर दाखवला."

"तुज्या बोर्डाला बस दिसती, बाबा," मी म्हटलं, "बसवाल्याला आमी कुटं दिसून राह्यलो?"

त्यानं मोटरसायकलला किल्ली लावली. पुढच्या गावात बस जरा थांबते, तिथं गाठू म्हणाला. अनोळखी माणसामागं पोरीला एरवी मी मेले तरी बसवली नसती. आज मीच तिला दंडाला धरून बसवली.

मग मी आणि तो बोर्ड. येणाऱ्या सगळ्या गाड्या तो दाखवत होता. गेलेल्या बसशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, आणि माझा जीव त्याच बसमध्ये अडकलेला. शेडमध्ये येरझाऱ्या घालून पाय दुखले. फोन हातात घट्ट धरलेला, तरी वाजला तेव्हा दचकले.

"आई, बसले," आकांक्षा म्हणाली. धापा टाकत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

तेवढ्यात बोर्डावर पुढची बस लागली, बीडची. द्वारकाबाईंना त्याच बसनं जायचं होतं, आणि त्या बोर्डाकडे बघत बसून होत्या. मला कुठंच जायचं नव्हतं. मी पदर डोक्यावर घेतला आणि उन्हात रस्त्याच्या कडेला जाऊन हात वर केला.