माशांचा जिना

धरणाच्या भिंतीला माशांसाठी जिना बांधला तेव्हा सगळे हसले होते. "मासे काय, कठडा धरून चढणार?" हसा लेको! पाण्याच्या पायऱ्या आहेत त्या. अंडी घालायला वरच्या नदीत निघालेले मासे त्यातून उड्या मारत चढतात. निदान चढायला हवेत. मी जिन्याच्या मध्यावर, काचेच्या खिडकीशी बसून ते मोजते. दोन वर्षांत मोजले अकरा. त्यातला एक बेडूक निघाला.

म्हणून आज मोठे साहेब आले होते. संध्याकाळपर्यंत मासे दिसले नाहीत तर जिना बंद, त्याचं पाणी वीज करायला टर्बाइनकडे. म्हणजे वरच्या नदीतून मासा कायमचा गेला. सकाळपासून मी काचेला डोळे लावून बसले, पण एकही मासा नाही.

दुपारी डबा तसाच घेऊन खालच्या पुलावर गेले. टर्बाइनचं पाणी धबाधबा बाहेर पडतं तिथे बघते तर काय, मासेच मासे! वेड्यासारखे भिंतीला धडका देत होते. आणि वीस पावलांवर जिन्याचं तोंड मोकळं. तिथलं पाणी अगदी गाढ झोपलेलं.

मी तरातरा दादाकडे गेले. दादा माझा सख्खा भाऊ. जिन्यात पाणी सोडायचं चाक त्याच्याच हातात.

"दादा, पाणी किती सोडतोस रे?"

"बेताचं. बिचाऱ्यांना चढताना धाप लागू नये म्हणून जरा कमीच ठेवतो."

"दोन वर्षं?"

"अगं तायडे, आपल्या आईला जिना चढताना किती त्रास व्हायचा!"

आता या माणसाला मारावं की मिठी मारावी?

"दादा, मासा म्हणजे आई नव्हे! त्याला खळखळ ऐकू आली, अंगावर पाणी आलं, तरच वाट कळते. सोड सगळं!"

"साहेब ओरडतील."

"ओरडू देत. चल, हात लाव!"

दोघांनी मिळून चाक फिरवलं. पाणी असं उसळलं की दादा नखशिखांत भिजला.

मी धापा टाकत खिडकीशी परतले. साहेब घड्याळ बघत बसले होते. दहा मिनिटं काही नाही. वीस मिनिटं. मग काचेमागून काहीतरी चमकून गेलं. मागोमाग दुसरा, मग पाच, मग सगळी झुंबडच! मला रडू फुटलं, हसूही आवरेना, आणि डोळ्यांतल्या पाण्याने आकडा चुकला.

साहेब काचेला नाक लावून उभे होते.

"साहेब, जिना बंद करायचा हुकूम..."

"हुकूम गेला खड्ड्यात! बाई, रडता काय? डावीकडून चार गेले, लिहा लवकर!"